भुंगेरा जिना चढून येतो

बंगळुरूतल्या बसवनगुडीच्या नंदीची गोष्ट इथे घरोघरी सांगतात. इथल्या शिवारातला भुईमूग एक बैल येऊन फस्त करायचा. अखेर शेतकऱ्यांनी त्याचं देऊळ बांधलं आणि पहिल्या शेंगा त्याला वाहिल्या. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारची कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा, त्यातलीच. आता शिवार गेलं, गच्च्या आल्या आणि गच्च्यांवर शेडनेट. खाणारे मात्र टिकून आहेत, आणि त्यांचं देवळावर भागत नाही.

वळवाच्या पहिल्या दोन-तीन सरी पडल्या की तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात. ४० मेशची जाळी आहे म्हणून पुष्कळजण निर्धास्त असतात. जाळी चांगलीच आहे, भुंगेरा तिच्यातून शिरत नाहीच. तो उघड्या दारातून येतो, रोपांच्या ट्रेमधून येतो, नाहीतर शेणखताच्या पोत्यातून आपणच त्याला जिना चढवून वर नेतो. मीही नेला आहे. अर्धवट कुजलेलं खत घाईत वाफ्यात ओतलं. काही दिवसांनी भर पाण्यात वांग्याचं रोप मान टाकून उभं. उपटलं तर मुळं कुरतडलेली, आणि खाली इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी.

तेव्हापासून खत आधी चाळायचं, मगच वर न्यायचं. चाळणीत अळी सापडली की लगेच चिरडू नका. फरशीवर ठेवून पाहा. पाय वर करून पाठीवर सरपटत गेली तर ती फुलभुंगेऱ्याची; कुजकं खाणारी, तिला कंपोस्टमध्ये सोडा. कुशीवर वळवळत राहिली तर साबणाच्या पाण्यात टाका. दिवा लावून भुंगेरे पकडायचे असतील तर तो शेडनेटच्या बाहेर, लांब लावा, खाली पाण्याचं घमेलं ठेवून. आत दिवा लावणं म्हणजे त्यांना आमंत्रण धाडणं.

काकडी-दोडक्याला तांबडे भुंगेरे लागतात, तेही रोप दोन पानांवर असतानाच. पहाटे ते सुस्त असतात, हाताने वेचता येतात. ऊन चढलं की उडाले. दवात पानांवर चुलीची राख भुरभुरा आणि फुलं येईपर्यंत रोपं मच्छरदाणीच्या कापडाखाली ठेवा. अंडी वेलाच्या बुडाशी ओल्या मातीत घातलेली असतात, म्हणून पीक निघालं की माती खणून उन्हात तापू द्या.

खरी गल्लत होते ती वांग्यावर. ठिपक्यांचा भुंगेरा, म्हणजे एपिलॅक्ना, पान खरवडून त्याची जाळी करतो, आणि दिसतो मात्र ढालकिड्याचा सख्खा भाऊ. ढालकिडा मावा खातो, त्याला मारलं तर नुकसान आपलंच. ढालकिड्याची पाठ काचेसारखी चकाकते. एपिलॅक्ना मळकट, बारीक लव असलेला, बहुधा २८ ठिपक्यांचा. अळ्या तर सहज ओळखू येतात: ढालकिड्याची राखाडी, चपळ, सुसरीच्या पिल्लासारखी, एपिलॅक्नाची पिवळी, काटेरी, आळशी. पानामागची पिवळी अंडी दिसली, आसपास मावा नसला आणि पान खरवडलेलं असलं, तर पान खुडा. कुंडीच्या कडेला उगवलेली कामोणी, धोतराही उपटा, तिथेही त्याचं बिऱ्हाड असतं.

एक गोष्ट मात्र खुडू नका. पानाला चिकटलेली, फुगून तपकिरी पडलेली एपिलॅक्नाची अळी. तिच्या पोटात पेडिओबियस नावाच्या इवल्याशा गांधीलमाशीची पिल्लं वाढत असतात. ही माशी १९६६ मध्ये आपल्याकडून अमेरिकेत नेली, तिथल्या घेवड्यावरच्या भुंगेऱ्यासाठी; तिकडची थंडी तिला सोसत नाही, म्हणून दरवर्षी नव्याने सोडतात. इथे ती आयतीच आहे. शेजारच्या बागेत असल्या अळ्या दिसल्या तर पानासकट बरणीत घाला, तोंडाला मलमल बांधा, सावलीत ठेवा. आत बारीक काळे ठिपके उडायला लागले की संध्याकाळी बरणी वांग्याखाली नेऊन मलमल सोडा. दार तेवढं लावून घ्या.