शहापूर की मुरबाड? दोन्हीकडची सांगते

पाऊस लागून पडायला लागला की मला फोन सुरू होतात. माझं माहेर शहापूरकडचं, सासर मुरबाडकडचं. त्यामुळे डोंबिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या नात्यागोत्यात मी म्हणजे दोन्ही तालुक्यांची चौकशी खिडकी. प्रश्न ठरलेला: "मावशी, रविवारी शहापूरच्या माहुलीला जाऊ की मुरबाडच्या माळशेजला?" आणि दरवर्षी एखादा तरी शहाणा निघतोच, जो म्हणतो, "दोन्ही उरकून टाकू की. नकाशात शेजारीच तर आहेत."

शेजारी आहेत हे खरं. पण फिरायला येणाऱ्यासाठी हे दोन तालुके एकमेकांकडे पाठ करून बसलेत. शहापूरला मध्य रेल्वेची कसारा लाइन आहे. आसनगाव, आटगाव, खर्डी, कुठेही उतरा. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेच्या बातम्या मी लग्न होऊन आले तेव्हापासून वाचतेय. मुरबाडला जायचं तर कल्याणहून एसटी, नाहीतर स्वतःची गाडी. मधे भातसा आणि काळू नद्यांचं खोरं, आणि शहापूरहून मुरबाडला जाणारा रस्ता. पावसात त्याला घाई अजिबात चालत नाही.

आमच्या एका पुतणीच्या घरी मध्यंतरी लिस्बन की पोर्तो यावर महिनाभर खल चालला होता. हॉटेलं, हवामान, समुद्र, सगळ्याचा तक्ता मांडून झाला. शेवटी दोन्ही शहरं केली, कारण मधे तीनेक तासांची थेट रेल्वे आहे. तीच पुतणी शहापूर-मुरबाडला येताना मात्र आदल्या रात्री अकराला विचारते, "काकू, उद्या काय बघू?" परदेशासाठी महिना आणि आपल्या डोंगरासाठी पाच मिनिटं, हा हिशेब मला कधी कळला नाही.

तर माझ्या भाच्याच्या टोळीचं सांगते. ऑफिसातली मुलंमुली, काही गाडीनं, काही लोकलनं. सकाळी माहुली, दुपारी माळशेजचे धबधबे, रात्री घरी, असा बेत. मी फोनवर नको म्हटलं, तर भाचा म्हणाला, "अगं मावशी, तू उगाच घाबरतेस." लोकलवाले आसनगावला उतरेपर्यंत उन्हं वर आली. माहुली गावातून वर जायचं म्हणजे तानसा अभयारण्याची हद्द; वनखात्याची पावती फाडून पायवाटेला लागावं लागतं. चढ अडीच-तीन तासांचा, शेवटी लोखंडी शिडी. पावसात तिथे रांग लागते, आणि शिडीवर कुणाला भीती वाटली की रांग थांबते. त्यांच्यातल्या एकीचा उतरताना पाय मुरगळला. खाली यायला तीन वाजून गेले. तिथेच बेत गुंडाळायला हवा होता. पण पैसे काढून गाडी केलेली होती ना!

सरळगाव, टोकावडे करत मोरोशी गाठेपर्यंत संध्याकाळ. घाटात धुकं, त्यात धबधब्याखाली गाड्या लावून नाचणारी मंडळी, मागे नगरकडे निघालेले ट्रक. पुढे पोलीस गाड्या परत फिरवत होते. त्या रेटारेटीत गाडीचा क्लच गेला. रात्री सगळी वरात आमच्या ओटीवर, ओली चिंब. तांदळाच्या भाकऱ्या थापताना मी काही बोलले नाही. आमचे हे मात्र बोलले, आणि भरपूर बोलले.

तेव्हापासून विचारणाऱ्याला मी आधी एकच उलटा प्रश्न विचारते: घरी परत कसे जाणार? लोकलनं जाणार असाल, बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर असतील, तर शहापूर. कल्याणच्या पुढे गाड्या विरळ होतात हे धरून चाला आणि रविवारच्या मेगाब्लॉकचं आदल्या दिवशी बघून ठेवा. पण गाडी चुकली तरी फलाटावर बसता येतं, चहा मिळतो, मागून दुसरी येते. टोकावड्याच्या पुढे संध्याकाळी एसटी चुकली तर हात दाखवत उभं राहण्याखेरीज काही हातात नसतं.

माहुलीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण लोक तिला नुसता ट्रेक समजतात. ठाणे जिल्ह्यातल्या उंच किल्ल्यांपैकी हा एक, आणि खरं तर तीन किल्ल्यांची जोड: पळसगड, माहुली, भंडारगड. निजामशाही वाचवण्याची शहाजीराजांची शेवटची झुंज १६३६ मध्ये इथेच वेढ्यात संपली. पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना हा गड मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत घेतला. महादरवाज्याच्या देवड्या बघून मागे फिरायचं तर एक दिवस पुरतो. भंडारगडापर्यंत जायचं तर अंधारात निघा आणि वाटाड्या घ्या. माथ्यावर रान दाट आहे, वाटा फसव्या. गावातली मुलं वाटाड्या म्हणून येतात. त्यांच्याशी घासाघीस करू नका.

मुरबाडचं गणित वेगळं. तिथे डोंगर मोठा, गाव लांब, आणि एका जागेसाठी पूर्ण दिवस. माझं मत विचाराल तर माळशेजपेक्षा नाणेघाट. वैशाखऱ्याच्या पुढून पायवाट चढते, ती कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नर-पैठणकडे जाणारी दोन हजार वर्षांपूर्वीची व्यापारी वाट. वरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, त्यांची आता नावं आणि पायांचे अवशेष तेवढे उरलेत. बाहेर दगडी रांजण. जकातीचा, असं सांगतात. गंमत म्हणजे घाट चढतो तो मुरबाडचा आणि माथा लागतो जुन्नरचा. माळशेजचंही तसंच: वरचं पर्यटन निवास, पिंपळगाव जोगा धरण, सगळं पुणे जिल्ह्यात. मुरबाडात पाऊल न ठेवता लोक "मुरबाडला जाऊन आलो" म्हणतात.

गोरखगडाचं नाव काढणाऱ्यांना पावसात मी सरळ नाही म्हणते. शेवटच्या कातळातल्या खोदीव पायऱ्यांवर शेवाळ धरतं. थंडीत जरूर जा. सिद्धगडला जाणार असाल तर २ जानेवारी लक्षात ठेवा. १९४३ मध्ये त्या दिवशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे इंग्रजांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. दरवर्षी त्यांना मानवंदना द्यायला लोक जमतात. आणि पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा. बैलबाजार, घोंगड्या, तमाशा, पाळणे. त्या दिवसांत म्हशाच्या रस्त्यानं गाडी काढून "लवकर पोचू" म्हणणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

धबधब्यांवर आणि धरणांवर पावसाळ्यात प्रशासन बंदीचे आदेश काढतं. ते बघूनच निघा. बंदी असताना आमच्या ओळखीनं सोडतील का, हे मला विचारू नका. वरच्या डोंगरात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी वाढतं.

उन्हाळ्यात येणार असाल तर आणखी एक. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी देतोय, भातसा धरण तर मुंबईचं जवळपास निम्मं पाणी पुरवतं. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट बघत बायका हंडे लावून बसतात. पाहुणे मात्र गडावरून उतरले की दारात येऊन म्हणतात, "जरा हातपाय धुवायला बादली मिळेल का?" पाणी घरून भरून आणा, माणशी तीन लिटर तरी.

दोन्ही तालुके एका फेरीत करायचेच असतील तर मुक्काम धरा. शनिवारी माहुली, रात्री मुरबाडात, रविवारी पहाटे नाणेघाट, आणि दुपारी तीनच्या आत कल्याणच्या रस्त्याला. जूनच्या सुरुवातीला येत असाल तर मुरबाडच्या बाजारात ठाकर-कातकरी बायकांकडे शेवळं मिळतात. सोबत काकडंही मागून घ्या, नाहीतर घरी जाऊन भाजी खाल आणि घसा खाजला म्हणून परत मलाच फोन कराल.