वैमानिकाचा कान आणि वाणी

बंगळुरूच्या उत्तरेस, हेब्बाळहून बळ्ळारी रस्त्याने थोडे पुढे गेले की जक्कूरचे छोटे विमानतळ लागते. 1948 साली स्थापन झालेली सरकारी वैमानिक प्रशिक्षणशाळा येथेच आहे. पलीकडे येलहंक येथे हवाई दलाचा तळ आणि त्याहून उत्तरेस, 2008 पासून, देवनहळ्ळीचा आंतरराष्ट्रीय विमानतळ. अशा आकाशात नवशिक्याचा एखादा अस्पष्ट शब्दही महाग पडू शकतो.

एका एंजिनाच्या लहान विमानात गोंगाट सुमारे 90 ते 100 डेसिबल इतका असतो. ऐकू येईनासे झाले की नवशिका हेडसेटचा आवाज वाढवितो. वरवर पाहता हा उपाय योग्य वाटतो. परंतु येथेच फसगत होते. हेडसेटमध्ये वैमानिकाला स्वतःचे बोलणेही ऐकू येत असते आणि तेही त्याबरोबर मोठे होते. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवितो, हे फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी 1911 मध्ये मांडले. याच्या उलटही घडते: स्वतःचा आवाज कानात मोठा आला की माणूस नकळत हळू बोलू लागतो. परिणामी वैमानिकाला स्वच्छ ऐकू येते; नियंत्रकाला मात्र एंजिनाची घरघरच अधिक.

म्हणून आरंभ कानापासून करावा. चष्म्याच्या काडीमुळे कानावरील गादीला फट राहिली, तर गोंगाट तेथूनच आत शिरतो. हेडसेटवरील बटण पूर्ण वाढवून पुढील जुळवणी रेडिओवर करावी, असा सर्वसाधारण प्रघात आहे.

मायक्रोफोनची गोष्ट निराळी. त्याला पुढून व मागून अशी दोन छिद्रे असतात. दूरचा गोंगाट दोन्हींतून जवळजवळ सारखाच येतो व परस्पर रद्द होतो. जवळचा आवाज पुढून अधिक येतो व टिकतो. साहजिकच मायक्रोफोन ओठांपासून अवघ्या काही मिलिमीटरांवर हवा. तो हनुवटीखाली घसरला की ही सारी योजना फुकट जाते, आणि मग ओरडूनही भागत नाही.

गुरुशिष्यांच्या आपसांतील संभाषणयंत्रणेत आवाजाची एक मर्यादा ठरवावी लागते. तिच्याखालील आवाज यंत्र अडविते. ती एंजिनाचा गोंगाट जेमतेम थांबेल इतकीच ठेवावी. अधिक ठेवल्यास वाक्याचा आरंभ गळतो. ‘डोन्ट टर्न’मधील पहिला शब्द गळाला, तर शिष्याच्या कानी पडतो तो नेमका उलटा हुकूम. रेडिओवरही बटण दाबून क्षणभर थांबल्यावरच बोलावे.