झाड हिरवंच, पण मान टाकली? ग्लासभर पाण्यात ओळखा रोग

ताईंनो, वांगी-टोमॅटोचं झाड दुपारी कोमेजतं, संध्याकाळी सावरल्यासारखं दिसतं आणि चार-आठ दिवसांत हिरवंच्या हिरवं मरून जातं. पानं फारशी पिवळीसुद्धा पडत नाहीत. आपण म्हणतो, "मर लागली." दुकानदार बुरशीनाशक देतो. गटातून घेतलेलं कर्ज फवारणीत जातं आणि झाडं मात्र मरतच राहतात.

कारण मर दोन प्रकारची असते. एक बुरशीची, दुसरी जिवाणूची. जिवाणूवर बुरशीनाशक चालत नाही. म्हणून आधी ओळख, मग खर्च.

घरची परीक्षा

1. नुकत्याच कोमेजलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत कापा. बोटाएवढा तुकडा घ्या.
2. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या. तुकड्याचं खालचं टोक पाण्यात बुडेल असा धरा. हलवू नका.
3. पाच-दहा मिनिटं बघा. कापलेल्या जागेतून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरला, तर तो जिवाणू समजा.

ते पाणी शेतात ओतू नका. उकळून मगच टाका. विळाही धुवा.

शास्त्रज्ञ कसं ओळखतात?

ते रोगी झाडातून जिवाणू वेगळा काढून वाढवतात. निरोगी रोपाला तो टोचतात. तोच रोग आला, तर त्या रोपातून पुन्हा तोच जिवाणू काढून खात्री करतात. मग त्याचा डीएनए ओळखीच्या जिवाणूंशी ताडून पाहतात. साधारण 95 टक्क्यांपेक्षा कमी जुळला, तर ही नवी जात असावी असं मानतात.

आपल्या या मर रोगाच्या जिवाणूचंच बघा. अमेरिकेतल्या अर्विन स्मिथ यांनी 1896 मध्ये त्याचं वर्णन केलं. आज त्याला राल्स्टोनिया म्हणतात. शंभर वर्षांहून जास्त काळ सगळे त्याला एकच जात समजत होते. 2014 मध्ये तपासणीतून कळलं की त्या तीन वेगळ्या जाती आहेत.

नावाचं आपल्याला काय, असं वाटेल. पण एका भागात टिकणारं वाण दुसऱ्या भागात मरतं, त्याचं एक कारण हेच. जिवाणू वेगळा, तर वाणाची ताकदही वेगळी.

आपण काय करायचं?

- रोगी झाड मुळासकट उपटून जाळा. बांधावर किंवा ओढ्यात टाकू नका.
- रोगी वाफ्यातलं पाणी पुढच्या वाफ्यात जाऊ देऊ नका. खुरपं धुऊनच पुढे जा.
- त्या रानात वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा लगेच पुन्हा लावू नका. हा जिवाणू मातीत वर्षानुवर्षं राहतो. भात, मका यांसारखी पिकं घ्या.
- मरीला तोंड देणारी वाणं विचारा. टोमॅटोत अर्का रक्षक, वांग्यात अर्का केशव अशी वाणं बेंगळुरूच्या संस्थेने काढली आहेत.
- खात्रीसाठी मुळासकट ताजं झाड कृषी विज्ञान केंद्रात न्या.

लागलेली मर बरी करणारं औषध नाही. कुणी "हमखास" म्हणून बाटली दिली, तर आधी ग्लासातली परीक्षा करा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या रानात काय दिसलं ते सांगा. एकीच्या वाफ्यातली मर वेळेत कळली, तर शेजारणीचं रान वाचतं.