पत्र्यावर चढण्याआधी

सांगली

चि. बंडूस,

शिरोलीच्या फाउंड्रीचं काम तुला मिळाल्याचं ताईनं सांगितलं, बरं वाटलं. आढ्याजवळ सहा एक्झॉस्ट पंखे बसवायचे, प्रत्येकी दोनशे किलोच्या आसपास, आणि शेडवर जुने सिमेंटचे पत्रे. फोनवर तू सगळं हायड्रा क्रेनचंच विचारलंस: किती टनी आणू, भाडं किती पडेल. हायड्राबद्दल पुढे सांगतोच. पण हायड्रा आली की अख्खा कारखाना मान वर करून उभा राहतो, काही वावगं दिसलं तर कुणीतरी ओरडतं. भार उतरवून हुक सोडला की माणसं पांगतात आणि तुझी पोरं एकटी पत्र्यावर उरतात. मला काळजी आहे ती त्या वेळेची.

सिमेंटचा पत्रा असतो 6 मिलिमीटरचा. लोखंडी पत्रा निदान वाकतो. सिमेंटचा जुना झाला की काहीही सूचना न देता तुटतो. पत्रे ज्यांवर टेकतात त्या दोन आडव्या पर्लिनमधलं अंतर 1.4 मीटरपर्यंत असतं, म्हणजे माणूस कुठेही न अडकता सरळ खाली जातो. जुने फिटर सांगतील, ‘बोल्टच्या रांगेवरून चाल, खाली पर्लिन आहे.’ त्यांचा मान ठेव, पण ऐकू नकोस. हातात ड्रिल असताना पाऊल चार इंच कुणाचंही सरकतं. त्यात फाउंड्रीची काजळी. उजेडासाठी घातलेले फायबरचे पत्रे वर्षभरात इतके काळे होतात की वरून ते आणि सिमेंटचे सारखेच दिसतात. म्हणून आधी शेडच्या आत उभं राहून वर बघ, उजेड कुठून येतो ते कागदावर मांड, आणि तो कागद मुकादमाकडे दे.

चालायला फळ्यांच्या वाटा कर. निदान तीन पर्लिनवर टेकतील इतक्या लांब आणि आढ्याला आकड्यानं अडकवलेल्या, म्हणजे उतारावर घसरणार नाहीत. वाटेच्या बाहेर पाऊल नाही, टोपी उडाली तरी नाही. जिथे पत्रा काढणार तिथे खाली जाळी बांध.

हार्नेस तर सगळेच घालतात, फोटोपुरता. लाइफलाइन छपराच्या मुख्य सांगाड्याला, ट्रसला, बांधलेली हवी. पर्लिनला नाही आणि नव्या पंख्याला तर नाहीच. आणि एक हिशेब कर. हार्नेसच्या दोरीची, म्हणजे लॅनयार्डची लांबी, शॉक अब्सॉर्बर उलगडला की वाढणारी लांबी आणि माणसाची उंची धरली तर खाली जवळजवळ 6 मीटर मोकळी जागा लागते. तुझ्या शेडमध्ये तेवढ्या अंतरात वरच्या रुळांवरून फिरणाऱ्या ईओटी क्रेनचा गर्डर येतो. पडणारा माणूस हार्नेसनं धरण्याआधीच त्यावर आदळेल. तेव्हा दोरी इतकी आखूड ठेव की फळीच्या कडेपलीकडे माणूस जाऊच शकणार नाही. ईओटीचा मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लाव आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेव. एखादा लटकलाच तर त्याला मिनिटांत खाली कसं घ्यायचं, हेही चढण्याआधी ठरव. हार्नेसमध्ये नुसतं लटकत राहणंही जीवघेणं ठरतं.

आता तुझी हायड्रा. 14 टनी म्हणजे 14 टन, पण बूम आखडून आणि भार अगदी पुढ्यात असताना. वळचणीबाहेर उभी राहून आढ्यापर्यंत हात लांबवायचा असेल तर त्या अंतराला किती पेलते ते तिच्याच तक्त्यात बघ. ऑपरेटर ‘होतंय की’ म्हणतो त्यावर जाऊ नकोस. क्रेन आणि भार बांधायचे बेल्ट यांची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी ही 1948 च्या कारखाने कायद्यापासूनची रीत आहे. त्या तपासणीचा दाखला आधी मागून घे. वरून विजेच्या तारा जात असतील तर लाइन बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय बूम उचलायची नाही.

बेल्ट तुटेल अशी भीती तुला वाटते. दोनशे किलोला एक टनी बेल्ट तुटत नाही. बिघडतं ते वेगळंच. दोन पायांचा बेल्ट आडव्या रेषेशी 60 अंशांत असला तर प्रत्येक पायावर सुमारे 115 किलो ताण येतो आणि पंख्याची कड 58 किलोनं आत दाबली जाते. तोच 30 अंशांवर आणलास तर ताण 200 आणि दाब 173 किलो. पातळ पत्र्याचं कवच पिचतं, पातं घासायला लागतं आणि तुझं बिल अडकतं. बेल्ट लांब घे किंवा मध्ये स्प्रेडरची आडवी दांडी टाक. मोटारीवरचा आयबोल्ट फक्त मोटारीसाठी असतो, त्याला अख्खा पंखा टांगू नकोस.

बसवायची चौकट आदल्या दिवशी पक्की झालेली हवी. पंखा हुकावरून थेट चौकटीत उतरला पाहिजे. ‘जरा वेळ पत्र्यावर टेकवू’ हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला तर त्याला खाली पाठव. ट्रसला हे वजन झेपतं का, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घे. पत्रा ग्राइंडरनं कापायचा नाही. जुन्यात ॲस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ फुप्फुसात गेली की राहते. बोल्ट सोडवून पत्रा अख्खा उतरव आणि त्या जागी पंखा बसेल असा फायबरचा बेस पत्रा टाक. वळिवाचे दिवस आहेत, दुपारी वारं सुटतं. अकराच्या आत उचलून मोकळा हो. पोरांचा विमा भरला असशीलच.

फळ्या आणि जाळीचा खर्च मालकाला आजच सांग. तो नाही म्हणाला तर काम सोड. हायड्राचा आगाऊ दिलेला पैसा बुडाला तर मी देतो.

तुझा,
मामा