दोन महिने थांबायचे, की कोर्टाची परवानगी मागायची?

सरकारची अनेक खाती असतात. कोणी परवाना देते. कोणी कर बसवते. कोणी रस्त्याची हद्द राखते. ही कामे गरजेची आहेत. पण साहेबांच्या हातूनही चूक होते. तेव्हा सरकारवर दावा लावता येतो का? हो, येतो. मात्र त्याला एक नियम आहे.

समजा, एका बाईचे घर रस्त्याकडेला आहे. जागेचे खरेदीखत तिच्यापाशी आहे. एके दिवशी रस्ते खात्याचा कागद येतो : “तुमची भिंत सरकारी हद्दीत आहे. आठ दिवसांत पाडू.” बाई गावच्या गुरुजींकडे जाते.

“गुरुजी, उद्याच कोर्टात जाऊ का?”

“मावशी, सरकारवर दावा लावायचा तर आधी नोटीस द्यावी लागते. मग दोन महिने थांबायचं.”

“अहो, आठ दिवसांत भिंत पडेल! मग दोन महिन्यांनी कोर्टात काय विटा दाखवू?”

मावशींचे म्हणणे खोटे नाही. पण नोटीस कशासाठी, तेही समजून घेऊ. हा नियम 1908 च्या दिवाणी कायद्यात आहे. त्याचे कलम 80. सरकारला चूक सुधारायला वेळ मिळावा, कोर्टाशिवाय भांडण मिटावे, हा त्याचा हेतू.

पूर्वी हा नियम फार कडक होता. 1921 साली नाशिक जिल्ह्यात मालेगावला दंगल झाली. सरकारने तिथे जादा पोलीस बसवले आणि त्याचा खर्च रहिवाशांवर टाकला. काही रहिवासी कोर्टात गेले. वसुली थांबवा, असे त्यांचे मागणे होते. त्यांनी नोटीस दिली होती, पण दोन महिने भरले नव्हते. मुंबईचे हायकोर्ट त्याआधी अशा तातडीच्या दाव्यांना सूट देत असे. पण हे प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. 1927 साली तिथे निकाल झाला : कायद्यात सूट लिहिलेली नाही, म्हणून सूट नाही. काम कितीही तातडीचे असो, दोन महिने थांबलेच पाहिजे.

पुढे पन्नास वर्षे असेच चालले. मग 1976 साली कायदा बदलला. 1977 च्या फेब्रुवारीपासून नवी वाट खुली झाली. काम खरोखर तातडीचे असेल, तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीवाचून दावा लावता येतो.

ही परवानगी अशी मागतात :

1. दाव्यासोबत वेगळा अर्ज द्यावा. दोन महिने थांबलो तर काय नुकसान होईल, ते त्यात स्पष्ट लिहावे.
2. खात्याचा कागद, खरेदीखत, उतारा, पावत्या जोडाव्या. कागद बोलतो, तिथे तोंडाला कष्ट कमी.
3. परवानगी मिळाली म्हणजे दावा जिंकला असे नाही. सरकारला बाजू मांडायची संधी दिल्यावरच कोर्ट मनाई हुकूम देते.
4. तातडी नाही असे कोर्टाला वाटले, तर दावा परत मिळतो. मग नोटीस द्यावी, दोन महिने थांबावे आणि तोच दावा पुन्हा लावावा.

म्हणून कागद हाती पडला की त्याच दिवशी हालचाल करावी. महिनाभर गप्प बसून मग ‘तातडी आहे’ म्हटले, तर कोर्टाला ते पटणे कठीण.

तातडी नसेल, तर नोटीसच बरी. राज्य सरकारची नोटीस सचिवाला किंवा जिल्ह्याच्या कलेक्टरला देतात. साहेबाविरुद्ध दावा असेल, तर त्या साहेबाला देतात. नोटिशीत आपले नाव, पत्ता, काय घडले आणि काय हवे, एवढे हवेच. नक्कल व पोच जपून ठेवावी. नोटिशीत बारीकसारीक चूक राहिली, तर तेवढ्यावरून दावा जात नाही. दाव्याची मुदत मोजताना हे दोन महिने धरत नाहीत, म्हणून थांबल्याने हक्क बुडत नाही.

सरकारनेही नोटिशीला उत्तर द्यायला हवे. पुष्कळ नोटिशींना उत्तरच जात नाही, असे सुप्रीम कोर्टाने 2005 साली बोलून दाखवले. उत्तरासाठी खास अधिकारी नेमा, असे सरकारांना सांगितले.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही कामांसाठी वेगळा कायदा असतो. तिथे आधी वरच्या साहेबाकडे अपील करावे लागते. म्हणून वकिलाला विचारूनच पाऊल टाकावे. पैशाची अडचण असेल, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि गरीब यांना तिथून फुकट वकील मिळतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणतात. पण भिंत आपली असेल आणि ऐकणारे कोणी नसेल, तर पायरी चढावी. मात्र कोणती पायरी आधी, ते जाणून चढावी.

शब्दांचे अर्थ
नोटीस – दाव्याआधी दिलेली लेखी सूचना
मनाई हुकूम – अमुक करू नका, असा कोर्टाचा हुकूम
पोच – कागद मिळाल्याची सही

प्रश्न
1. नोटीस दिल्यावर किती दिवस थांबावे लागते?
2. मालेगावच्या रहिवाशांचा दावा का टिकला नाही?
3. मावशींनी अर्जात कोणते नुकसान लिहावे? दोन ओळी लिहा.