जुने मैदान, नवी दुरुस्ती : व्यापारी-कारागिरांसाठी एक धडा

व्यापार-उद्योगाच्या पानावर गोल्फचे काय काम, असे आमचे वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. आपल्या खानदेशात हा खेळ लोकांच्या पाहण्यातला नाही. जळगाव-धुळ्याच्या माणसाला गोल्फ भेटतो तो नाशिकला, आणि तोही नावापुरता. तिथल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक आजही गोल्फ क्लब मैदान म्हणतात. त्यावर आता रणजीचे सामने होतात, सभा भरतात. खेळ गेला, नाव तेवढे उरले.

तरीही हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. जुनी चीज दुरुस्त करायची कशी, आणि दुरुस्तीनंतर तिचे साधे गिऱ्हाईक बाहेर पडू नये याची काळजी घ्यायची कशी, हा प्रश्न आपल्या प्रत्येक दुकानाला आणि कारखान्याला कधी ना कधी पडतोच. अमेरिकेतल्या दोन जुन्या गोल्फ मैदानांनी त्याचे उत्तर चांगले दिले आहे.

खेळ थोडक्यात

गोल्फचे मैदान म्हणजे अठरा टप्प्यांची वाट. प्रत्येक टप्प्याला होल म्हणतात. ठरलेल्या जागेवरून चेंडू मारत न्यायचा आणि शेवटी हिरवळीवरच्या छोट्या खळीत घालायचा. कमीत कमी फटक्यांत जो वाट पुरी करील तो सरस. वाटेत वाळूचे खड्डे असतात, त्यांना बंकर म्हणतात. अठरा हा आकडा स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज गावाने घालून दिला. तिथे बावीस होल खेळत असत, ते १७६४ साली अठरा झाले. हे मैदान आजही कोणा धनिकाच्या मालकीचे नाही, ते गावाचे आहे. १९७४ च्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट त्याचा कारभार पाहतो. रविवारी जुन्या मैदानावर सहसा खेळ बंद असतो आणि गावकरी तिथे फिरायला येतात.

पहिल्या महायुद्धाच्या आसपासपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत जी मैदाने झाली, त्यांना जाणकार जुन्या घडणीची मैदाने म्हणतात. त्या काळी डोंगर हलवणारी यंत्रे नव्हती. आखणी करणारा उस्ताद आधी जमिनीवरून पायी फिरे, चढ-उतार पाही, मग होल कुठे न्यायचा ते ठरवी. फुकट खणणे परवडत नसल्यामुळे प्रत्येक खड्ड्याला काही कारण असे.

मजुरांच्या हातचे मैदान

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बेथपेज नावाचे सरकारी उद्यान आहे. त्यात गोल्फची पाच मैदाने आहेत. त्यांतले सर्वांत कठीण ते ‘ब्लॅक’. ते १९३६ साली खुले झाले. तो मंदीचा काळ होता. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची कामे निघाली होती, तशीच तिकडे बेकारांना काम म्हणून हे उद्यान उभे राहिले. आखणीत ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट या नामांकित रचनाकाराचे नाव घेतले जाते. उद्यानाचे अधीक्षक जोसेफ बर्बेक यांचाही त्यात मोठा हात होता.

साठ वर्षे लोक खेळत राहिले. सरकारी मालमत्तेचे जे होते ते इथेही झाले. खड्ड्यांचे आकार ढासळले, गवत उडाले, डागडुजीला पैसा अपुरा पडला. मग अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने ठरवले की देशाची सर्वांत मोठी स्पर्धा, यूएस ओपन, इथे भरवायची. दुरुस्तीचा खर्च संघटनेने उचलला आणि १९९७-९८ मध्ये रचनाकार रीस जोन्स यांच्या देखरेखीखाली काम झाले.

काय बदलले आणि काय ठेवले, हे आपल्या कामाचे आहे. पूर्वीपेक्षा आता चेंडू फार लांब जातो, म्हणून मारण्याच्या जागा मागे सरकवल्या. बंकर नव्याने बांधले. पण होलांची वाट आणि प्रत्येक होल खेळाडूला जो सवाल घालतो तो, बहुतेक जुनाच ठेवला.

हा सवाल कसा असतो ते पाचव्या होलवर दिसते. समोर उजव्या अंगाला तिरका पसरलेला मोठा बंकर आहे. धाडस करून त्याच्यावरून चेंडू टाकला, तर पुढचा फटका मोकळा मिळतो. जपून डावीकडे मारला, तर वाळू चुकते, पण पुढे झाडे आडवी येतात. म्हणजे सोपी वाट बंद नाही, फक्त तिचा हिशेब पुढच्या फटक्यात चुकवावा लागतो. नगदीचे गिऱ्हाईक की उधारीचे, हे ठरवणाऱ्या व्यापाऱ्याला हा खेळ कोणी शिकवायला नको.

२००२ साली इथे यूएस ओपन झाली. पूर्णपणे सरकारी मालकीच्या मैदानावर ती स्पर्धा होण्याची ही पहिलीच वेळ. टायगर वुड्स जिंकले, आणि चार दिवसांच्या अखेरीस मैदानाने ठरवलेल्या फटक्यांपेक्षा कमी फटक्यांत आलेले ते एकटेच होते. २००९ साली स्पर्धा पुन्हा तिथे आली आणि २०२५ साली रायडर कपही तिथेच झाला.

एवढे नाव झाल्यावर दरवाजे बंद करणे सोपे होते, पण ते झाले नाही. मैदान शुल्क भरणाऱ्या कोणालाही खुले राहिले, आणि राज्यातल्या रहिवाशांना बाहेरच्यांपेक्षा कमी शुल्क ठेवले. पहाटेची पाळी मिळावी म्हणून लोक रात्रभर गाडीत झोपून नंबर लावतात. ‘ब्लॅक’वर गाडीतून फिरता येत नाही, सर्वांनी पायीच चालायचे. सुरुवातीलाच पाटी आहे : हे मैदान अतिशय कठीण आहे, कसलेल्या खेळाडूंनीच यावे. आपल्या मालाबद्दल खरे सांगणारी ही पाटी वाचूनही रांग हटत नाही.

पाइपाने दाखवलेली वाट

दुसरे उदाहरण नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या पाइनहर्स्टच्या दोन नंबरच्या मैदानाचे. ते एका खासगी रिसॉर्टचे आहे, सरकारी नाही. ठिबकच्या गावी राहणाऱ्या आमच्या वाचकांना मात्र ते जास्त जवळचे वाटेल.

डोनाल्ड रॉस या उस्तादाने १९०७ साली ते घडवले आणि १९४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सुधारत ठेवले. त्याच्या आखणीत वाटेच्या दोन्ही बाजूंना उघडी वाळू आणि रानगवत होते. पुढच्या मालकांनी शोभेसाठी सगळीकडे हिरवे गवत लावले, त्याला पाणी द्यायला फवारे बसवले. मैदान देखणे झाले, पण उस्तादाचा सवाल त्या हिरवळीखाली गाडला गेला.

बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या जोडीने २०१०-११ मध्ये ते काम हाती घेतले. त्यांनी नवे काही मनाने काढले नाही. विमानातून घेतलेली जुनी छायाचित्रे पाहिली. जमिनीखाली जुन्या काळची पाण्याची एकच पाइपलाइन होती, ती वाटेच्या मधोमध गेलेली. तिच्या खुणेने मूळ वाट कुठे होती आणि किती रुंद होती ते कळले. बाजूचे एकरच्या एकर हिरवे गवत काढून वाळू आणि रानगवत परत आणले. सुमारे ११५० फवाऱ्यांपैकी ४५० च्या आसपास उरले आणि पाण्याचा खर्च निम्म्याहून खाली आला. २०१४ साली पुरुषांची आणि स्त्रियांची यूएस ओपन एकापाठोपाठच्या आठवड्यांत तिथेच झाली.

उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या खानदेशात गोल्फच्या हिरवळीवर पाणी ओतणे कोणाला पटणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण जुन्याच्या जवळ गेल्याने पाणी वाचले, हेही इथे नोंदवून ठेवावे.

आपल्याकडे

हा खेळ फक्त बड्यांचा, हा समज आपल्याकडेही थोडा सैल झाला आहे. नवी मुंबईत सिडकोने खारघरच्या खोऱ्यात केलेले मैदान आणि दिल्लीत विकास प्राधिकरणाचे लाडो सराय येथील कुतुब गोल्फ कोर्स, ही दोन्ही शुल्क भरून सर्वसामान्यांना खेळता यावे म्हणून काढली गेली. आणि १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हे दिल्लीच्या क्लबात दुसऱ्यांच्या काठ्या वाहणारे कॅडी म्हणून पुढे आले होते. १९९३ साली त्यांनी ती स्पर्धा पुन्हा जिंकली. हुन्नर मैदानाच्या कडेला उभा असतो. त्याला आत यायला वाट हवी, एवढेच.

दुकान-कारखान्यात हे कसे लावावे

पहिली गोष्ट : तोडण्याआधी कारण विचारा. जुन्या वाड्याच्या सागवानी दरवाजावर रंगाचे दहा थर चढलेले असतात. कंत्राटदार म्हणतो, काढून टाका, नवा बसवू. शहाणा सुतार आधी एका कोपऱ्यात रंग खरवडून पाहतो. खाली नक्षी निघाली, तर दरवाजाची किंमत बदलते. यंत्रमागाचा जुना सुटा भाग असो की बापजाद्यांनी घालून दिलेली दुकानाची मांडणी, ती तशी का आहे हे जुन्या कामगाराला विचारल्याशिवाय हात लावू नये.

दुसरी : काळ बदलला तिथे बदला. बेथपेजला मारण्याच्या जागा मागे गेल्या, कारण चेंडूच बदलला होता. जुने म्हणून सगळेच जपणे ही दुरुस्ती नव्हे, ती नुसती माया झाली. गिऱ्हाइकाची गरज बदलली असेल तर माप बदलावे, पण ज्या गुणासाठी तो आपल्याकडे येतो तो गुण सोडू नये.

तिसरी : खर्चाचा हिशेब दोन्ही बाजूंनी करा. नवे फवारे बसवायला पैसा लागला, आणि ते चालवायलाही दरवर्षी लागत होता. शोभेच्या काचा, दिवे, थंड हवेचे यंत्र लावण्याआधी त्यांचे मासिक बिल कोण भरणार ते कागदावर लिहून पाहावे.

चौथी आणि सर्वांत मोठी : दुरुस्तीनंतर दारात कोण उभे राहू शकेल, ते आधी ठरवा. दुकान चकचकीत झाले की भाव वाढतात आणि वीस वर्षांचे गिऱ्हाईक पायरीवरूनच परत फिरते. तो येऊन भांडत नाही, नुसता येईनासा होतो, म्हणून मालकाला उशिरा कळते. बेथपेजने नाव मिळाल्यावरही घरच्या माणसाचा दर वेगळा ठेवला. आपणही नव्या मांडणीत साध्या मालाचा एक कप्पा आणि जुन्या गिऱ्हाइकाचा एक भाव राखून ठेवावा. दुरुस्तीचा खर्च एका हंगामात वसूल करण्याची घाई केली, तर ते गिऱ्हाईक जाते. तो खर्च दोन-तीन वर्षांवर पसरला, तर ते टिकते आणि पैसाही येतो.