गिरणी कामगाराच्या मनावरील भार : एक पाठ



'आपले कामकरी' हा विषय शिकविताना आपण बहुधा निरनिराळ्या व्यवसायांची नावे सांगतो, हत्यारांची चित्रे दाखवितो आणि श्रमाची महती सांगून पाठ आटोपता घेतो. यंत्रात सापडून शरीरास होणाऱ्या इजेविषयीही थोडे बोलणे होते. परंतु कामाच्या रचनेमुळे माणसाच्या मनावर जो ताण पडतो, त्याचा उल्लेख पाठात क्वचितच येतो. अशा ताणांना आता 'मनोसामाजिक धोके' असे नाव मिळाले असून ते कसे आवरावेत याविषयी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०२१ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. ती समजावून देण्यास मुंबईच्या परळ-लालबागचे गिरणगाव हे उत्तम उदाहरण होय. कोकणातील व घाटावरील कितीतरी घरांतून कोणी ना कोणी तेथे कामास गेलेला असल्याने मुलांनाही ते परके वाटणार नाही.

मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढे कित्येक वर्षे कामगारास हक्काची साप्ताहिक सुटी नव्हती. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरविल्या व सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठविला. त्यातील मागण्या फळ्यावर लिहाव्यात : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत वेतन. मग मुलांना विचारावे, यात पगार वाढवून मागितला आहे काय? नाही. मागणी आहे ती विसाव्याची आणि निश्चितीची. माझ्या मते पाठाचे मर्म येथेच आहे. श्रमाने माणूस थकतो आणि झोपेने ताजा होतो. परंतु काम कधी संपेल, पगार कधी हाती पडेल आणि हात मोडल्यास घरी काय खातील हे ठाऊक नसणे त्याला झोपेतही सोडीत नाही. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली.

अनिश्चितीचे दुसरे रूप म्हणजे बदली कामगार. कायम कामगाराचा खाडा पडला तरच त्याला काम मिळे. भोंगा होण्यापूर्वी फाटकाशी येऊन उभे राहावयाचे आणि आपले नाव घेतले जाते की नाही याची वाट पाहावयाची. बराच काळ ही निवड जॉबराच्या, म्हणजे खात्यातील मुकादमाच्या, हाती होती. त्यामुळे त्याची मर्जी राखणे व प्रसंगी त्याचा हात ओला करणे हेही कामाचाच भाग होऊन बसले. साळखात्यातील मागांचा खडखडाट किंवा साचाखात्यातील कापसाची धूळ डोळ्यांना व कानांना कळते. फाटकावरील ही अपेक्षा व अपमान कळत नाही. वर्गात याचा अनुभव थोडक्यात देता येईल. फळा पुसण्याच्या कामासाठी पाच मुलांना दाराशी उभे करावे, काही कारण न सांगता दोघांना आत घ्यावे आणि उरलेल्या तिघांना काय वाटले ते बोलू द्यावे. मात्र हा खेळ पाच मिनिटांच्या पुढे नेऊ नये व आधीच बुजलेल्या मुलास त्यात घेऊ नये.

या भाराला उतार कोठून मिळाला? काही अंशी कायद्यातून. १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगारासाठी आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली, अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृहाची आणि पाचशे वा अधिक कामगार असल्यास कल्याण अधिकाऱ्याची तरतूद केली. परंतु कायद्याच्या पुष्कळ आधीपासून कामगारांनी आपली सोय आपणच लावली होती. एका गावची माणसे एक खोली घेत आणि पाळीपाळीने तीत झोपत. जेवण खानावळीत. खानावळ चालविणारी बाई बहुधा कामगाराच्याच घरातली. तिला कोणाची रातपाळी, कोण आजारी, कोणाचे गावी पत्र आले नाही हे ठाऊक असे. भजनी मंडळे, व्यायामशाळा व गणेशोत्सव यांनी पाळी सुटल्यानंतरचा वेळ माणसांत घालविण्याची सोय केली. या खानावळवाल्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले व बँकेचे कर्ज मिळवून दिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा नीट चालू झाल्या नाहीत व कित्येक कामगार गावी परतले. त्यांचे वेतन गेले, तशीच पाळी, खोली आणि सोबतही गेली. गावी परतलेला असा मनुष्य अबोल किंवा तापट झाला तर त्याला आळशी म्हणण्याची रीत पडली. ती अन्यायाची आहे, हे मुलांना स्पष्ट सांगावे. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात आज कचेऱ्या आहेत. तेथे भोंगा नाही. पूर्वीचा भोंगा माणसाला कामावर बोलावी, तसा सोडूनही देई. हातातील फोन केवळ बोलावतो.

हे आपणासही लागू आहे. रात्री दहा वाजता 'माहिती तातडीने पाठवा' असा निरोप येणे, एकशिक्षकी शाळेत बोलावयास सहकारी नसणे आणि अध्यापनाबाहेरच्या कामांची यादी वाढत जाणे हे मनोसामाजिक धोकेच होत. शिक्षकाने खंबीर व्हावे एवढा उपदेश यावर पुरेसा नाही; कामाची रचना बदलावयास हवी. केंद्रप्रमुखांनी निरोपाची वेळ ठरवावी, मुदत आधी कळवावी, आणि शिक्षण परिषदेचा निदान अर्धा तास शिक्षकांना आपसांत अडचणी बोलण्यासाठी राखून ठेवावा. त्या अर्ध्या तासात अधिकाऱ्यांनी बाहेर बसलेले बरे.

स्वाध्याय म्हणून मुलांनी घरातील वा शेजारच्या एका कामकऱ्यास तीन प्रश्न विचारावेत : तुमचे काम केव्हा संपते? उद्या काम आहे हे तुम्हास केव्हा कळते? कामावर तुम्ही कोणाशी बोलता? उत्तरे वर्गात वाचताना नावे घेऊ नयेत, कर्जाची चौकशी करू नये. एखाद्या घरात निराशा फार दिसली तर शिक्षकाने पालकांना एकांतात भेटावे आणि केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक त्यांना लिहून द्यावा.